वऱ्हाड निघालं राजोडीला



घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. दोन्हींत माणूस दमतो आणि खिसा त्याच्याहून जास्त दमतो. आता या म्हणीला आणखी एक तुकडा जोडायची वेळ आली आहे. लग्न पाहावं परगावी नेऊन! यालाच हल्ली 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी २०१७ च्या डिसेंबरात इटलीत जाऊन लग्न केलं. तेव्हापासून हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांतही सहज बोलला जाऊ लागला. इटली सगळ्यांना कुठून परवडणार? मग कुणी गोव्याला जातं, कुणी महाबळेश्वरला, आणि मुंबईच्या उपनगरांतले बरेचजण विरारची लोकल पकडून राजोडीला येतात.

राजोडी हे वसई तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून ते पालघर जिल्ह्यात आहे. कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा अशी ही किनाऱ्याची ओळ. विरार नाहीतर नालासोपारा स्टेशनला उतरायचं आणि बसने किंवा रिक्षाने पश्चिमेकडे निघायचं. वाटेत वाड्या लागतात, नारळ-केळी लागतात, एखादं देऊळ, एखादा क्रूस दिसतो. मग सुरूची झाडं आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. या पट्ट्यात रिसॉर्टं झाली, पूर्वी तिथे सहली यायच्या, आता वऱ्हाडंही येतात.

मी काही लग्नं जुळवणारा नाही आणि लग्नाचे ठेकेही घेत नाही. मी मराठीत कविता लिहितो. पण कवीला लग्नाचं आमंत्रण इतरांपेक्षा जरा आधी येतं, कारण मंगलाष्टकं हवी असतात. मित्रांच्या मुलामुलींसाठी मी मंगलाष्टकं लिहिली. आमच्या नात्यात लग्नाला सेहरा म्हणायची पद्धत आहे, तोही मी मराठीत लिहिला. त्यात घरच्यांची नावं गुंफावी लागतात, म्हणून त्या घरी जाऊन बसावं लागतं. 'मामांचं नाव राहिलं', 'आत्या रुसेल' अशी चर्चा चाललेली असते आणि त्याच बैठकीत पाहुण्यांच्या याद्या, हिशेब, रुसवेफुगवे सगळं कानावर पडतं. त्या ऐकीव शहाणपणातून आज चार गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे, परगावी जाऊन लग्न करणं आपल्याला नवीन नाही. 'वऱ्हाड' हा शब्दच मुळी प्रवास करणाऱ्या माणसांचा आहे. नवरदेवाकडची मंडळी बैलगाड्या जुंपून मुलीच्या गावी जात. गावाच्या वेशीवर त्यांचं स्वागत होई, त्याला आपण सीमांतपूजन म्हणतो. आता ते हॉलच्या दारात होतं, पण शब्दातली सीमा गावाचीच आहे. पाहुण्यांना उतरायला जानवसघर दिलं जाई. पाण्याचे हंडे, घोंगड्या, दिवाबत्ती सगळं शेजारपाजारच्या घरांतून गोळा होई. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवत असेल. मराठवाड्यातल्या एका गावाचं वऱ्हाड विमानाने विलायतेला निघतं आणि ५२ पात्रं एकटा माणूस उभी करतो. सगळा महाराष्ट्र त्याला खळखळून हसला, कारण परगावच्या लग्नाचा गोंधळ ज्याच्या त्याच्या ओळखीचा होता.

मग तेव्हाच्या आणि आताच्या लग्नात फरक काय? फरक आहे यजमानाचा. तेव्हा दोन घरांपैकी एक घर आपल्या गावात, आपल्या अंगणात असायचं. विहीर कुठली, आचारी कोण, म्हाताऱ्याला रात्री कुठे न्यायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. आता राजोडीला मुलीकडचे बोरिवलीहून येतात आणि मुलाकडचे नाशिकहून. म्हणजे दोघंही पाहुणे! घरातलं माणूस कुणीच नाही. जे घरात आपसूक मिळायचं ते सगळं भाड्याने आणावं लागतं, आणि यादी लांबते ती इथे. सुईदोऱ्यापासून रक्तदाबाच्या गोळीपर्यंत अख्खं घर उचलून समुद्रावर न्यायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

हे मी जवळून पाहिलं ते माझ्या भाचीच्या लग्नात. बहीण-मेहुणे मुंब्र्याला राहतात, सोयरे कोल्हापूरकडचे. कोल्हापूरच्या मंडळींना समुद्राची हौस आणि भाचीलाही वाळूवर निकाह हवा होता. मेहुणे खासगी नोकरीत, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. लग्नं लावून देणाऱ्या एका कंपनीकडून त्यांनी खर्चाचा अंदाज मागवला. चौदा पानं आली. त्यात फुलांची कमान होती, धुराचं यंत्र होतं, नवरीच्या एंट्रीसाठी वेगळं संगीत होतं. म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्ची मात्र कुठल्याच पानावर नव्हती. मेहुण्यांनी ते कागद वाचले आणि प्रॉव्हिडंट फंडातून किती काढता येतील याची चौकशी सुरू केली. माझ्या बहिणीचा चेहरा त्या दिवशी उतरला, आणि तो पाहून भाची म्हणाली, "मामू, हे सगळं काढून टाकलं तर उरतं काय, ते आधी सांगा."

श्रोतेहो, माझ्या मते सगळं नियोजन या प्रश्नापासून सुरू करावं. लग्न म्हणून नेमकं काय लागतं? निकाहला वधूची कबुली लागते, वराची कबुली लागते, साक्षीदार लागतात आणि मेहर ठरावा लागतो. हिंदू लग्नात आपापल्या रूढीचे विधी आणि जिथे रूढी असेल तिथे सप्तपदी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एका निकालात हे बजावून सांगितलं. हिंदू विवाह म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, तो संस्कार आहे, आणि विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही, असं न्यायालय म्हणालं. वसईतल्या ख्रिस्ती बांधवांचा विवाहविधी साधारणपणे चर्चमध्येच होतो. वाळूवर करायचा असेल तर धर्मप्रांताची परवानगी लागते. म्हणून तिथली मंडळी आधी चर्चमध्ये जातात आणि मेजवानीला किनाऱ्यावर येतात.

नोंदणी पद्धतीने लग्न करायचं असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा नीट समजून घ्यावा. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाने त्याआधी निदान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस दिल्यावर पुन्हा ३० दिवस थांबावं लागतं आणि तीन महिन्यांच्या आत लग्न उरकावं लागतं. साक्षीदार तीन. जादा फी भरली तर विवाह अधिकारी कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या ठिकाणीही येऊ शकतात. पण बोरिवली आणि नाशिकच्या जोडप्याने पालघरच्या अधिकाऱ्याला ऐनवेळी बोलावून चालणार नाही. त्यांनी आपल्या जिल्ह्यात शांतपणे सही करावी आणि आनंद करायला राजोडीला यावं. धार्मिक पद्धतीने लग्न झालं तरी आपल्या राज्यात ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. लग्नाच्या धावपळीत हे काम हटकून मागे पडतं आणि पुढे पासपोर्टच्या वेळी आठवतं.

एवढंच लागतं, हे आपल्याला करोनाच्या काळाने दाखवून दिलं. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात नियम होता : लग्नाला २५ माणसं आणि वेळ दोन तास. त्या दोन तासांत लागलेली लग्नं आजही भक्कम उभी आहेत. त्याच्याही कितीतरी आधी, २५ डिसेंबर १८७३ ला, सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय, थोडक्या खर्चात पहिलं लग्न लावलं. कर्ज काढून लग्न करू नका, हे गाडगेबाबा गावोगावच्या कीर्तनांतून सांगत राहिले. साधेपणाची ही वाट मराठी माणसाने स्वतःच पाडलेली आहे. हौस करू नये असं मी म्हणत नाही. लग्न किती आणि हौस किती, हे दोन वेगळे कागद करावेत, एवढंच सांगतो. पहिल्या कागदाला हात लावू नये. दुसऱ्यावरचं काय वाटेल ते खोडता येतं.

यानंतर माणसांची यादी, आणि ती जागा पाहण्याच्या आधी. आपण उलट करतो. रिसॉर्ट आवडतं, त्यात तीनशे माणसं मावतात असं कळतं, मग आपण तीनशे माणसं शोधायला लागतो. घरच्या लग्नात एक पाहुणा म्हणजे एक पान. परगावच्या लग्नात एक पाहुणा म्हणजे एक खाट, दोन चहा, एक नाश्ता, दोन जेवणं, गाडीतली एक जागा आणि सकाळी बादलीभर गरम पाणी. भाचीच्या पहिल्या यादीत ३१० नावं होती. तिने प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारला. निकाहच्या वेळी हा माणूस दिसला नाही, तर मी त्याला शोधेन का? यादी १४० वर आली. तिच्या वडिलांना ते जड गेलं. आम्ही इतक्यांच्या घरी जेवलो, त्यांना काय सांगायचं, असं ते म्हणत होते. त्यांचंही खरं होतं. त्यावर तोड निघाली ती अशी : परत आल्यावर मुंब्र्याच्या घरी एक संध्याकाळ सगळ्या शेजाऱ्यांना चहा, समोसे आणि नवरा-नवरीची भेट. खालच्या मजल्यावरच्या ज्या काकूंनी भाचीला लहानपणी सांभाळलं, त्या मात्र थेट राजोडीच्या यादीत होत्या. परगावच्या लग्नात माणसं वगळावी लागतात, पण वगळताना ज्यांनी आपल्याला मोठं केलं तेच आधी गळतात की काय, हे तपासून पाहावं.

यादी झाली की त्यातलं सर्वांत म्हातारं माणूस शोधावं आणि लग्न त्याच्या पावलाने चालवावं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझी अम्मी. वय ८२, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. ती विरार स्टेशनच्या कोणत्या बाजूला उतरेल, रिक्षा कुठे उभी असेल, खोलीत शिरताना किती पायऱ्या, संडास कमोडचा आहे का, खोलीपासून मांडवापर्यंत वाळू किती? हे सगळं आम्ही तिला डोळ्यांसमोर ठेवून चालून पाहिलं. वाळूत तिचं पाऊल रुतणार, हे उघड होतं. म्हणून निकाह वाळूवर न ठेवता सुरूच्या झाडांखाली, घट्ट जमिनीवर ठेवला. समुद्र तिथूनही दिसत होता. भाचीने क्षणभर तोंड वाकडं केलं, मग म्हणाली, "नानी पुढच्या ओळीत बसणार असेल तर चालेल." आणि बघा, जी जागा अम्मीला सोयीची, तीच कडेवर लेकरू घेतलेल्या आईला सोयीची, तीच उंच टाचांच्या चपला घालून आलेल्या मैत्रिणींनाही सोयीची ठरली. सर्वांत अडलेल्या माणसाची सोय झाली की बाकीच्यांची वेगळी करावी लागत नाही. रात्रभर प्रवास करून आलेला कोल्हापूरचा पाहुणा फुलांच्या कमानीकडे बघत नाही. तो आधी मोकळा संडास आणि गरम चहा मागतो.

आता तारीख. समुद्रावरचं लग्न असेल तर मुहूर्ताबरोबर समुद्रालाही विचारावं लागतं. कोकणातल्या मच्छीमारांचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, आणि ती उधाणाची. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे लहान. पण नेमकी सूर्यास्ताला पाणी चढलेलं असल्याने वाळू अरुंद होते. त्याउलट पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटी असते, वाळू लांबवर मोकळी होते, आणि पश्चिमेला सूर्य बुडत असताना मागे वाडीच्या माथ्यावर चंद्र उगवतो. ही सजावट फुकट आहे! फक्त त्याच रात्री मध्यरात्रीला उधाण येतं, तेव्हा वाळूवर मांडलेलं सामान दहाच्या आत वर आणायला हवं. तुम्ही पंचांग काढा नाहीतर हिजरी कॅलेंडर, चंद्र एकच आहे आणि भरतीही एकच. हा झाला अंदाज. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी आणि गावातल्या मच्छीमाराला जरूर विचारावी.

वाराही लक्षात घ्यावा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात मांडवाचा कपडा फडफडतो, अक्षता उडतात, होमाचा अग्नी नीट धरत नाही आणि माइकमध्ये नुसतं घोंघावणं ऐकू येतं. म्हणून विधीची जागा झाडांच्या आडोशाला असावी. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास होतो, मेमध्ये सातनंतर. फोटोग्राफरला तीच वेळ हवी असते. पण आमच्याकडे सूर्यास्त म्हणजे मगरिबच्या नमाजाची वेळ, आणि हिंदू घरांत गोरज मुहूर्तही त्याच सुमाराचा. भाचीचा निकाह आम्ही अस्रच्या नमाजानंतर, सूर्यास्ताच्या तासभर आधी ठेवला. थोरली मंडळी मगरिबला उभी राहिली तेव्हा नवरा-नवरी पाण्याच्या कडेला फोटो काढत होते. कुणालाच कुणासाठी थांबावं लागलं नाही.

वसईच्या तारखांचं आणखी एक आहे. इथे सगळ्यांचेच सण असतात आणि सगळ्यांचीच गर्दी एका रस्त्यावर येते. तुळशीचं लग्न झालं की हिंदूंची लग्नसराई सुरू होते आणि त्याच सुमारास, कार्तिक वद्य एकादशीला, जवळच्या निर्मळची मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत वऱ्हाडाच्या बसगाड्या रस्त्यात अडकल्या तर नवल नाही. ख्रिस्ती बांधव उपवासकाळात सहसा लग्नं करत नाहीत, मुस्लिम रमजानमध्ये करत नाहीत. शनिवार-रविवारी मुंबईहून सहलीची मंडळी लोटतात, खोल्या महाग होतात आणि तुमच्या मंगलाष्टकांच्या वेळी शेजारच्या तलावात आरडाओरडा चालू असतो. मंगळवार-बुधवारचं लग्न नोकरदारांना थोडं गैरसोयीचं, पण खिशाला आणि कानांना सोयीचं. रजा मिळेल तेवढेच पाहुणे येतात, हा त्याचा आणखी एक फायदा!

जागा ठरवताना तोंडी बोलण्यावर जाऊ नये. खोल्या किती वाजता ताब्यात मिळणार, वीज गेली तर जनरेटर कशाकशाला पुरणार, पिण्याचं पाणी कुठून येतं, बाहेरचा आचारी चालतो का, तारीख बदलली तर ॲडव्हान्सचं काय, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. २०२० मध्ये ज्यांची लग्नं अचानक पुढे गेली त्यांना या शेवटच्या ओळीची किंमत कळली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, खास सवलतीचे मोजके दिवस सोडून. तेव्हा 'आमच्याकडे बारापर्यंत डीजे चालतो' असं कुणी सांगितलं, तर ते त्याचं धाडस आहे, तुमची परवानगी नाही.

आणि किनारा रिसॉर्टच्या भाड्यात येत नाही, हेही ध्यानात ठेवावं. भरती-ओहोटीच्या मधली वाळू कुणा एकाच्या मालकीची नसते. तिथे मच्छीमार जाळी सुकवतात, होड्या ओढून ठेवतात, गावातली मुलं खेळतात. तिथे काही मांडायचं असेल तर स्थानिक प्रशासनाला आधी विचारावं. या पट्ट्यातल्या सुरूंची बरीच झाडं समुद्राने मुळं उघडी करून पाडली आहेत. उरलेल्या झाडांना खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावू नयेत. थर्माकोल आणि चमकीचे कागद नेऊच नयेत. वारा ते वाळूत नेतो, भरती समुद्रात नेते, आणि पुढच्या खेपेला ते जाळ्यात येतात. पाहुणा म्हणून आलेल्याने एवढं पाळायलाच हवं.

मग सजावटीचं काय? वसईची वाडी आहे की! इथला मोगरा, इथला सोनचाफा पहाटे दादरच्या बाजारात जातो. दादरहून तीच फुलं पुन्हा राजोडीला आणायची आणि दोन्ही वेळचं गाडीभाडं भरायचं, असं कशाला? वाडीवाल्याला आठ दिवस आधी सांगितलं तर केळीचे खांब, नारळाच्या झावळ्या, मोगऱ्याचे गजरे दारात येतात. पाहुण्यांना भेट म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी आगाशीकडची सुकेळी द्यावीत. राजेळी केळ्यांची ही सुकवलेली मिठाई कोल्हापूरपर्यंत नीट टिकते. आमच्या सोयऱ्यांनी तर पुढे महिनाभर फोन करून आणखी आहेत का, म्हणून विचारलं.

आता यजमानाचा प्रश्न सोडवला की झालं. दोन्ही घरं पाहुणी असतील तर यजमान नेमावा लागतो. आम्ही नेमले तीन. आलेल्या माणसाला खोली दाखवणारा एक, स्वयंपाकघरात उभी राहणारी एक आणि पैसे देणारा एक. तिघांचे फोननंबर आमंत्रणपत्रिकेच्या मागे छापले. नवरा-नवरीचे आईवडील या तिघांत नव्हते. त्यांच्या हातात त्या दिवशी ना यादी होती, ना पाकीट. माझ्या बहिणीला मी कितीतरी वर्षांनी आपल्याच घरच्या कार्यात खुर्चीवर बसलेली पाहिली. तिघांपैकी एकजण विरारला राहणारा मित्र होता. तो मित्र हिंदू, त्याची बायको स्वयंपाकघरावर, आणि खोल्यांवर मुलाकडचा एक तरुण. गाव ओळखणारं एक तरी माणूस हवंच, कारण रात्री अकरा वाजता औषधाचं दुकान कुठे उघडं असतं हे चौदा पानी अंदाजपत्रकात लिहिलेलं नसतं.

पैशाचं शेवटी सांगतो, पण तुम्ही ते सर्वांत आधी करा. कर्ज न काढता आणि म्हातारपणच्या पुंजीला हात न लावता दोन्ही घरं मिळून किती देऊ शकतात, तो आकडा धरायचा. त्याचा दहावा भाग बाजूला बांधून ठेवायचा, कारण ऐनवेळी काहीतरी निघतंच. उरलेल्याला माणशी खर्चाने भागलं की तुमच्या यादीची लांबी मिळते. आकडा कमी पडला तर आकडा वाढवू नये, यादी कमी करावी. आमच्याकडे कोल्हापूरच्या मंडळींनी स्वतःहून निम्मा वाटा उचलला. मुलाच्या वडिलांनी सांगितलं, की वलीमा आमच्याकडे असतो, तो याच जेवणात धरा, दोनदा मांडव कशाला. त्या एका वाक्याने मेहुण्यांचा प्रॉव्हिडंट फंड जागच्या जागी राहिला. लग्नाचा खर्च मुलीच्या बापाचा, ही समजूत समुद्रावर गेल्याने आपोआप बुडत नाही. डेस्टिनेशन वेडिंगच्या नावाखाली तीच जुनी मागणी नव्या कपड्यांत येते. 'आमच्या मुलाची इच्छा आहे हो', असं गोड शब्दांत येते. ज्याची इच्छा, त्याचा वाटा, हे आधीच बोलून घ्यावं. बोलायला अवघड जातं, पण वीस वर्षं हप्ते फेडण्यापेक्षा वीस मिनिटांचा अवघडलेपणा बरा.

नियोजन सोपं करायचं म्हणजे मोठी वही आणायची असं नाही. एका कागदावर लग्नाला लागणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यावर हौस. तिसऱ्यावर माणसं, म्हाताऱ्यांची नावं सर्वांत वर. चौथ्यावर तिथी, भरती, सूर्यास्त आणि गाडीच्या वेळा. पाचवा कागद जागेच्या मालकाच्या सहीचा. पाच कागद हातात असले की लग्न राजोडीला करा, रत्नागिरीला करा नाहीतर आपल्या गच्चीवर करा.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना माझ्या मनापासून शुभेच्छा. मंगलाष्टकं हवी असतील तर नावं वेळेवर कळवा, आत्याचं नाव विसरू नका. मी आठच लिहून देईन. नववं मागू नका, तोवर ओहोटी संपून भरती सुरू झालेली असेल!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)